ठिणगीच्या आधी

माझ्या ऑफिसच्या टेबलाच्या खणात, स्टेपलर आणि जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या खाली, अॅल्युमिनियमचा एक तुकडा पडलेला असतो. करंगळीच्या पेराएवढा, चंद्रकोरीसारखा वाकलेला. एक बाजू गुळगुळीत, दुसरी खडीसाखर फोडल्यावर दिसते तशी खरखरीत. पिस्टनच्या अंगावर रिंगा बसवायला खाचा असतात आणि दोन खाचांच्या मधे एक पट्टा उरतो. हा तुकडा त्या पट्ट्याचा आहे. पुस्तकात त्याला 'लँड' म्हणतात. कराडचे आमचे मिस्त्री त्याला 'काठ' म्हणाले होते. "ताई, काठ तुटलाय." मला तोच शब्द आवडतो.

जुलै २०१६ मधली गोष्ट. पुण्याहून कराडला निघालो होतो. आप्पा गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे आई आणि मावशी, डिकीत मावशीच्या दोन बॅगा आणि तांदळाचं पोतं. पाऊस, काचा बंद, एसी चालू. साताऱ्याकडे जाताना तेव्हा खंबाटकी चढूनच जावा लागायचा, बोगदा येणाऱ्यांसाठी होता. घाटात पुढे एक ट्रक रखडत चालला होता. आप्पांनी त्याच्यामागे बराच वेळ संयम ठेवला. मग एका वळणानंतर ट्रकवाल्याने हात दाखवून बाजू दिली आणि आप्पांनी चौथ्या गिअरमध्येच अॅक्सिलरेटर दाबला. काटा दीड हजाराच्या आसपास होता. टर्बो भरल्याची ती हलकी शीळ आली, गाडीने अंग टाकलं आणि बॉनेटच्या आतून कुणीतरी हातोडा मारावा तसा आवाज आला. मग लगेच आणखी दोन-तीन.

आप्पांनी पाय काढला. "आगं, हे काय वाजलं?"

मी म्हणाले, दगड उडाला असेल खालून.

"दगड न्हाई," ते म्हणाले. "आतनं आलाय आवाज."

घाटमाथ्यापर्यंत गाडी थरथरत गेली. आरशात पाहिलं तर मागे निळसर धूर.

आप्पांबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांनी एकतीस वर्षं एसटी चालवली, बहुतेक सगळी कराड डेपोतून. विनाअपघात सेवेचा बिल्ला आजही घरात देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर आहे. डेपोत प्रत्येक ड्रायव्हरची डिझेलची सरासरी काढली जायची आणि त्या तक्त्यावर आप्पा नेहमी वरच्या दोन-तीन जणांत. त्यांचं तंत्र साधं होतं. जमेल तितक्या लवकर वरचा गिअर टाकायचा, इंजिनाला उगाच बोंबलू द्यायचं नाही, गाडी स्वतःच्या ओढीने चालू द्यायची. मला गाडी शिकवतानाही हेच: "गाडी कण्हली न्हाई पायजे आणि किंचाळली बी न्हाई पायजे."

ही गाडी घ्यायचा आग्रह माझा. २०१४ मध्ये. त्यांना डिझेल हवी होती. मी त्यांना समजावलं, की आता लहान पेट्रोल इंजिनाला टर्बो लावतात, एक लिटरच्या तीन सिलिंडरमधून दीड लिटरच्या इंजिनाची ताकद येते, पेट्रोल कमी लागतं. दीड हजार फेऱ्यांनाच पूर्ण टॉर्क, असं माहितीपत्रकात लिहिलेलं मी त्यांना वाचूनही दाखवलं. मला या गोष्टी कळतात असा घरात समज होता, आणि त्याला कारण माझी नोकरी. नवी मुंबईतल्या एका कंपनीत मी इंजिन ऑइल बनवते. बनवते म्हणजे फॉर्म्युला ठरवते. बेस ऑइल कोणतं, त्यात काय, किती.

तर त्या गाडीत ऑइल माझंच होतं. शब्दशः. दर वेळी मी कंपनीचा साडेतीन लिटरचा कॅन घेऊन जायचे आणि आप्पा तो मिस्त्रींपुढे ठेवून म्हणायचे, "आमच्या पोरीनं केलेलं हाय. पुसून घे झाकण."

इंजिन खोललं. तीनपैकी मधल्या पिस्टनचा काठ तुटला होता. वॉरंटी मार्चमध्येच संपलेली. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने पेट्रोलमध्ये भेसळ असेल म्हणून सुरुवात केली, मग आप्पांना गाडी कशी चालवता विचारलं आणि निकाल दिला: चुकीचं ड्रायव्हिंग. वरच्या गिअरला टाकून दाबल्यामुळे. एक लाख अठरा हजार.

आप्पा काही बोलले नाहीत. बोलले असते तर मला पुढचं बोलता आलं नसतं. पण ते गप्प होते आणि मला त्या माणसासमोर आपण जाणकार आहोत हे दाखवायचं होतं. मी म्हणाले, "आप्पा, मी तुम्हाला कितीदा सांगितलंय, ही एसटी नाहीये."

मी एकदाही सांगितलं नव्हतं.

गाडी दुरुस्त होऊन आली त्या दिवशी त्यांनी किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आणि पुन्हा काढली नाही. बाजारात जायला त्यांची सायकल होती. कुणी विचारलं तर म्हणायचे, नजर कमी आलीय.

*

त्या दिवशी सिलिंडरमध्ये काय झालं असेल ते आता मला बरंच नीट सांगता येतं, आणि हीच गोष्ट त्रासाची आहे.

पेट्रोल इंजिनात सगळं वेळेवर चालतं. हवा-पेट्रोलचं मिश्रण आत येतं, पिस्टन ते दाबत वर जातो, अगदी माथ्याला पोचायच्या जरा आधी प्लगची ठिणगी पडते, ज्योत पसरते, दाब वाढतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. दीड हजार फेऱ्यांना हे प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला साडेबारा वेळा होतं. ठिणगी केव्हा टाकायची हे संगणक ठरवतो. नेहमीचं नॉकिंग, म्हणजे ठिणगीनंतर कोपऱ्यातलं उरलेलं मिश्रण आपोआप भडकणं, हे त्याला ऐकू येतं. इंजिनाच्या अंगाला त्यासाठी एक कान लावलेला असतो. ऐकू आलं की तो पुढची ठिणगी थोडी उशिरा टाकतो आणि प्रकरण मिटतं.

पण आग ठिणगीच्या आधीच लागली तर? संगणकाच्या हातात फक्त ठिणगी असते. ती पडायच्या आतच मिश्रण पेटलेलं, पिस्टन अजून वर येतोच आहे, खालून पिस्टन आणि वरून ज्योत अशा कात्रीत उरलेलं मिश्रण सापडतं आणि ते सगळं एकदम भडकतं. एरवी शंभर बारच्या आतबाहेर असणारा दाब क्षणभर दोनशेच्या वर जातो. पिस्टनचा काठ तुटतो, कधी कनेक्टिंग रॉड वाकतो. याला लो-स्पीड प्री-इग्निशन म्हणतात, एलएसपीआय. जोराच्या आवृत्तीला संशोधकांनी सुपर-नॉक, मेगा-नॉक अशी नावं दिली आहेत, कुस्तीच्या आखाड्यातली वाटावीत अशी.

कमी फेऱ्यांनाच का? कारण तिथे मिश्रणाला वेळ मिळतो. इंजिन जोरात फिरत असेल तर रसायनांना पेटायला सवडच नसते. हळू फिरणाऱ्या इंजिनात टर्बोने कोंबलेली हवा, भरपूर पेट्रोल, भरपूर दाब आणि वर थोडा जास्तीचा वेळ. साधं पेट्रोल इंजिन या कोपऱ्यात फारसं जातच नसे, कारण दीड हजार फेऱ्यांना त्याच्यात तेवढा दमच नसायचा. लहान टर्बो इंजिनं तिथे चालावीत म्हणूनच तर बनवली. कमी फेऱ्या, जास्त भार, म्हणजे कमी घर्षण, कमी पेट्रोल. युरोप-अमेरिका-जपानमधल्या इंधनखपतीच्या नियमांनी कंपन्यांना या दिशेला ढकललं. आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर तर एक छोटा बाण होता, सपाट रस्त्यावर सतराशेच्या आसपास उजळायचा आणि सांगायचा, वरचा गिअर टाक. आप्पा त्या बाणावर खूश होते. "हे बघ," मला दाखवायचे, "यंत्राला बी कळतंय." म्हणजे ते गाडी चुकीची नाही, गाडी सांगेल तशी चालवत होते. घाटात गिअर पाडायला हवा होता हे खरं. पण ती सवय पिकवायला ज्या यंत्राने मदत केली त्याच्यावर बिलात एक ओळसुद्धा नव्हती.

आणि मग माझा भाग.

*

२०१७ च्या शेवटी आमच्या कंपनीला परदेशातल्या एका ग्राहकासाठी नव्या प्रकारचं ऑइल करायचं होतं आणि त्यात एलएसपीआयची चाचणी मारायची होती. तुलनेसाठी आमचं चालू ऑइलही बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवलं. म्हणजे तेच, आप्पांच्या कॅनमधलं. या चाचणीचं पुढे जे प्रमाणित रूप झालं त्यात फोर्डचं दोन लिटरचं टर्बो इंजिन साडेसतराशे फेऱ्यांवर जड भाराखाली चालवतात, प्रत्येक फेरीत एक लाख पंच्याहत्तर हजार आवर्तनं, अशा चार फेऱ्या. अवेळी आग किती वेळा लागली ते मोजायचं. पास व्हायचं तर चार फेऱ्यांची सरासरी पाचच्या वर जायला नको. चार सिलिंडर धरले तर सात लाख ज्वलनांत पाच.

आमच्या ऑइलचा आकडा दोन अंकी होता.

मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. मग उठून कपाटातला एक फोल्डर काढला, 'सवडीने वाचायचे' असं माझ्याच अक्षरात लिहिलेला. त्यात टोयोटाच्या संशोधकांचा २०१२ सालचा एक निबंध होता, अमेरिकेतल्या एसएई या संस्थेने प्रसिद्ध केलेला. प्रिंट मी २०१३ मध्ये काढली होती, तारीख खाली छापलेली. वाचला नव्हता. आपल्याकडे तेव्हा रस्त्यावर डिझेल आणि साधी पेट्रोल इंजिनं. टर्बो पेट्रोल गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. हा प्रश्न दुसऱ्यांचा आहे असं वाटलं असणार. पुढच्याच वर्षी मी त्यातलीच एक गाडी घरी आणली.

निबंधात म्हटलं होतं ते थोडक्यात असं: ऑइलमधलं कॅल्शियम वाढवलं की एलएसपीआय वाढतो. मॉलिब्डेनमची संयुगं आणि झीज थांबवणारं झिंकचं संयुग घातलं की कमी होतो.

ज्याने ऑइलच्या धंद्यात काम केलेलं नाही त्याला यातला धक्का कळायचा नाही. कॅल्शियम हा आमचा घरचा माणूस. इंधन जळताना आम्लं तयार होतात, पिस्टनवर काजळी आणि लाखेसारखा थर बसतो. ते धुवायला, आम्ल मारायला ऑइलमध्ये डिटर्जंट असतो. हा डिटर्जंट म्हणजे साबणासारख्या रेणूंच्या वेष्टनात गुंडाळलेले चुनखडीचे अतिसूक्ष्म कण, इतके बारीक की ऑइल आरपार स्वच्छ दिसतं. आम्ल मारायची ही ताकद टीबीएन नावाच्या आकड्याने मोजतात. गंधक जास्त असलेल्या इंधनावर वाढलेल्या आमच्या पिढीला टीबीएन म्हणजे पुण्य. जितका जास्त तितका चांगला. माझ्या ऑइलमध्ये कॅल्शियम अडीच हजार पीपीएमच्या आसपास होतं, आणि ते मी अभिमानाने ठेवलं होतं, गावाकडच्या पंपांवरचं पेट्रोल डोळ्यापुढे ठेवून. खरं तर कराडचे पंप डोळ्यापुढे ठेवून.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं तेव्हा त्यातलं थोडं भिंतीवर आदळतं, तिथल्या ऑइलच्या पातळ थरात मिसळतं आणि सर्वांत वरच्या रिंगेच्या वरच्या फटीत साचतं. पिस्टन माथ्याकडे जाऊन मंदावतो तशी त्यातली एखादी थेंबुटी वर भिरकावली जाते. ऑइल आणि पेट्रोल मिसळलेली ही थेंबुटी नुसत्या पेट्रोलपेक्षा लवकर पेटते. काही वेळा थेंब नसून आधीच्या ज्वलनातली राख, थराचा सुटलेला कण असतो. त्यात कॅल्शियम नेमकं काय करतं यावर वाद आहेत. जपानमधल्या काही संशोधकांनी मांडलेलं एक स्पष्टीकरण मला पटतं, बहुधा ते आपल्या ओळखीचं आहे म्हणून. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. तोच प्रकार सिलिंडरमध्ये: ऑइलमधल्या चुनखडीचा कण एका ज्वलनात भाजला जाऊन कळीचा चुना होतो. पुढच्या दाबाच्या वेळी तो आजूबाजूचा कार्बन डायऑक्साइड पुन्हा खेचून घेतो, आणि तसं करताना तापतो. लहानपणी वाड्याच्या बांधकामावर हौदात कळीचा चुना टाकला की पाणी उकळायला लागायचं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगावं लागू नये. तिथे पाणी होतं, इथे वायू आहे, पण उष्णता बाहेर टाकण्याची खोड तीच. तापलेला कण आणि दाबलेलं पेट्रोल. ठिणगीची वाट कोण बघतो.

मॅग्नेशियमही तसलंच डिटर्जंट बनवतं आणि आम्लही मारतं, पण ही खोड त्याला नाही. म्हणून मग आम्ही आणि बाकी जगानेही कॅल्शियम कमी करून काही भाग मॅग्नेशियमवर टाकला, मॉलिब्डेनम थोडं वाढवलं. हे वाचायला सोपं वाटतं. सगळं मॅग्नेशियम केलं तर धुण्याचा समतोल बिघडतो. झिंकच्या संयुगात फॉस्फरस असतो, तो सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटलिटिक कन्व्हर्टरचा शत्रू, त्यामुळे त्यावर ०.०८ टक्क्यांचं छप्पर. मॉलिब्डेनम महाग. एक दोरी ओढली की दुसरी सैल, असा हा गोफ. १ मे २०१८ ला अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने 'एसएन प्लस' हा दर्जा आणला, मुख्यतः याच एका रोगासाठी. दोन वर्षांनी 'एसपी' आला. आज दुकानातल्या चांगल्या कॅनच्या मागे हे लिहिलेलं असतं, कुणी वाचत नाही.

*

आप्पांना सांगायला मी जून २०१८ उजाडू दिला. सात महिने. कारणं होती: चाचण्या, प्रवास, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. खरं कारण एकच.

ओसरीवर बसलो होतो. ते तंबाखू मळत होते, चुन्याची डबी उघडी. मी खिशातून तो तुकडा काढून समोर ठेवला आणि सगळं सांगितलं, बाणापासून चुनखडीपर्यंत. माझ्या ऑइलचा आकडा सांगितला. फोल्डरचं सांगितलं.

हेही सांगितलं की त्या दिवशीचा काठ माझ्या ऑइलने तोडला असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. तेच ऑइल इतर शेकडो गाड्यांत होतं. तसेच गाडी चालवणारेही शेकडो. हा प्रकार कधी होईल, कोणाच्या इंजिनात होईल याला नेम नाही. हजारो किलोमीटर काही होत नाही आणि एखाद्या चढाला होतं. मी फक्त एवढंच म्हणू शकते की फासे जड करायला मी मदत केली होती, आणि दोष सगळा तुमच्या पदरात टाकला होता.

आप्पांनी डबीतल्या चुन्याकडे पाहिलं, मग तुकड्याकडे.

"म्हंजे हे," ते म्हणाले, "आणि ते एकच."

"चुलत भाऊ."

ते हसले नाहीत. तंबाखू तोंडात टाकली. माफी मागितली की आमच्या घरात कुणाला काय करावं ते कळत नाही, त्यामुळे बराच वेळ समोरच्या गोठ्यात म्हैस शेपूट आपटत होती तेवढाच आवाज. मग त्यांनी मला जे विचारलं ते आमच्या कंपनीतल्या एकाही बैठकीत कुणी विचारलं नव्हतं.

"तुमी ती परीक्षा घेता ती नव्या ऑइलवर?"

"हो."

"सीलबंद डब्यातल्या."

"हो, आप्पा."

"आणि पाच-सा हजार चाललेलं ऑइल? त्यात पेट्रोल उतरलेलं असतंय, काजळी असती. काळं झालेलं. ते तसंच वागतंय व्हय?"

मी म्हणाले, त्याच्यावर काम चालू आहे. म्हणजे मला वाटत होतं की असावं. ऑइल वापरात बदलतं, त्यातली काही संयुगं खर्ची पडतात. नव्याने केलेलं वचन जुनं झाल्यावर ते किती पाळेल हा वेगळाच प्रश्न होता, आणि प्रमाणपत्रात तो नव्हता.

"डेपोत आमी बोट बुडवून बघायचो," ते म्हणाले आणि उठले.

किल्ली त्यांनी त्या दिवशीही काढली नाही. दुसऱ्या दिवशी मला परत निघायचं होतं, तर म्हणाले, साताऱ्यापर्यंत येतो, काम आहे. काम काही नव्हतं. मी चालवत होते, ते शेजारी. उंब्रजच्या पुढे पुलाचा चढ लागला. मी नेहमीसारखी चौथ्यात. त्यांची नजर समोरच्या काचेवर नव्हती, काट्यावर होती.

"पाड," ते म्हणाले.

मी तिसरा टाकला. इंजिन जरा मोठ्याने बोलायला लागलं. त्यांना तो आवाज आवडला नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एकतीस वर्षांची सवय. पण पुढच्या चढालाही म्हणाले, पाड.

सातारा स्टँडसमोर उतरून एसटीने परत गेले. पुढच्या दिवाळीला मी घरी गेले तर गाडी दारात नव्हती. आई म्हणाली, ओगलेवाडीला गेलेत, येतील इतक्यात. नजरेचं कुणी काही बोललं नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ३१ मार्चला, नवा दर्जा लागू झाला: जीएफ-७. त्यात पहिल्यांदाच एलएसपीआयची चाचणी जुन्या, मुद्दाम वापरून शिळ्या केलेल्या ऑइलवरही घ्यायची अट आहे. संध्याकाळी मी कराडला फोन लावला. आप्पांना आता थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. जुन्या ऑइलची परीक्षा आली, आप्पा. तुम्ही म्हणाला होतात ती.

"कवा म्हणालो?"

"अठरा साली. ओसरीवर."

"सात वर्सं लागली व्हय रं बाबा त्यास्नी," असं ते फोनपासून लांब आईला की कुणाला म्हणाले. मग मला: "आपल्या गाडीत कुठलं हाय सध्या?"

"मागच्या खेपेला मीच दिलं होतं. जुनं एसपी."

"किती झालं चालून?"

मी आकडा सांगितला.

"मंग ये की आता," ते म्हणाले. "येताना कॅन आण."